वन्संचा उजवा हात

आमच्या वन्संच्या दुकानात कात्री मागायची सोय नव्हती, आणि मिळाली तरी उपयोग नसे. त्यांच्या सगळ्या कात्र्या डावखुऱ्या. उजव्या हाताच्या माणसानं धरली की दोन्ही पाती एकमेकींपासून लांब पळायची आणि मधलं जे काही असेल ते कापलं न जाता नुसतं दुमडायचं. लग्न होऊन आले त्या वर्षी पुडा फोडायला म्हणून मी एक उचलली, तर त्या दारातूनच ओरडल्या, "ठेव ती! ती तुझं ऐकायची नाही."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. बायकांचे केस कापायचं त्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत वन्सं आणि सासूबाई. सासरे मी घरात यायच्या आधीच गेले होते. वन्संनी लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "दिवसभर लोकांची डोकी सांभाळते, घरी आणखी एक कशाला?"

त्यांच्या दुकानातली प्रत्येक वस्तू डावीकडे होती. कात्र्यांची खुंटी, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, पावडरीचा डबा, सगळं. केस कापणं हा त्यांच्या डाव्या हाताचा मळ होता, आणि हे मी बोलायची पद्धत म्हणून नाही, जसंच्या तसं सांगते. उजव्या हाताची दोन बोटं केसांची बट धरून ठेवायची, तेवढीच त्या हाताची नोकरी. काम संपलं की तो मांडीवर जाऊन पडायचा. त्या हातानं त्या जेवायच्या नाहीत की सही करायच्या नाहीत. पत्ते खेळताना पानंसुद्धा डाव्या हातानंच टाकायच्या. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवते. केसाएवढा फरक पडला तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, त्यामुळं असलं मला चटकन दिसतं. वन्संचा उजवा हात डाव्यापेक्षा किंचित लहान होता. हातमोजे घेतले की उजवा बोटांच्या टोकांशी रिकामा राहायचा.

पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या डाव्या अंगठ्याचा सांधा धरला. आयुष्यभर कात्री उघडमीट करून आणखी काय होणार? डॉक्टर म्हणाले, शक्य तेवढी विश्रांती द्या, आणि बारीकसारीक कामं दुसऱ्या हाताला शिकवा.

"उजव्याला?" वन्सं म्हणाल्या. "तो पाहुणा आहे. येतो, बसतो, चहा पिऊन जातो."

त्याच सुमारास आमच्या भागातल्या वाचनालयानं दाराशी कागद लावला होता. जपानी सुलेखन, नवशिक्यांसाठी, शनिवारी दुपारी, ब्रश आणि शाई तिथेच मिळेल. मला अक्षरांची हौस. मी वन्संना म्हटलं, चला, पाहुण्याला काहीतरी काम लावू. त्या हसत हसत तयार झाल्या. तेव्हा नसत्या झाल्या तर, असं मी पुष्कळदा मनात म्हणते आणि मग म्हणायचं सोडून देते.

शिबिर भरायचं ती वाचनालयाची मागची खोली. पूर्वी तिथे फाटक्या पुस्तकांची बांधणी व्हायची, म्हणून टेबलांवर सुरीचे चरे होते आणि लाकडाला खळीचा वास होता. खिडकीसमोर विटांची भिंत. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळं अर्धं आयुष्य जपानात काढून परत आल्या होत्या. त्यांचे केस कुणी कापले असतील ते वन्संना पाहवेना. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "सुरीनं कापलेत गं."

बाईंनी प्रत्येकासमोर काळ्या लोकरी कापडाचा तुकडा अंथरला, त्यावर पातळ कागद, कागदाच्या डोक्यावर लोखंडी पट्टी. मग दगडाच्या वाटीत थोडं पाणी घालून शाईची कांडी घासायला दिली. काजळी आणि कापूर मिसळल्यासारखा वास खोलीभर पसरला. गोल गोल घासत राहायचं, पाणी काळंभोर होईपर्यंत.

"ब्रश उभा धरा," बाई म्हणाल्या. "कोपर टेबलाला टेकवू नका. मनगट गोठलंय असं समजा, खांद्यानं लिहा. आणि गेलेल्या रेघेवर पुन्हा गिरवायचं नाही. ती जशी झाली तशी झाली."

"म्हणजे ओव्हरटेक नाही," आमच्या टेबलावरचे एक बसचालक म्हणाले.

पहिलं अक्षर 'एक'. जपानीत एक म्हणजे एक आडवी रेघ. ब्रश टेकवायचा, क्षणभर थांबायचं, ओढायचा, थांबायचं, उचलायचा. पोराटोरांचं काम वाटलं मला. माझी रेघ पावसात निघालेल्या गांडुळासारखी आली. बसचालकांची मध्येच फुटली.

वन्संनी सवयीनं ब्रश डाव्या हातात घेतला होता. बाईंनी तो काढून उजव्यात दिला. "इथे हाच हात. ही अक्षरं उजव्याच्या चालीनंच घडलीत."

"त्याला काही येत नाही हो."

"म्हणून तर शिबिर आहे."

वन्संनी रेघ काढली. सरळ नव्हती ती, उजवीकडे जरा वर चढली होती. पण बाई जायच्या थांबल्या. पुढं वाकून त्यांनी तो कागद पुष्कळ वेळ पाहिला. मग वन्संच्या मागं उभ्या राहून, आमच्या हातांवर ठेवला होता तसाच आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, दुसरी रेघ धरून काढायला. अर्धी रेघ झाली असेल नसेल, बाईंनी हात काढून घेतला आणि एप्रनला पुसला.

"तुम्ही काढा," त्या म्हणाल्या. "मी नाही हात लावत."

शिबिर संपल्यावर नळाखाली ब्रश धुताना बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या कोण त्या?"

"नणंद."

"ती रेघ घाबरत नाही," बाई म्हणाल्या. "मोठी माणसं रेघ काढतात तेव्हा ती आधीच माफी मागत असते. अशी रेघ मी चारपाच वर्षांच्या मुलांचीच पाहिलीय. मला स्वतःला इतक्या वर्षांत जमली नाही." ब्रशातली शाई निघून पाणी स्वच्छ झालं तरी त्या धूतच राहिल्या. "आणि एक सांगू? तो हात हातात धरला ना, तर आतून लहान लागला. मोठ्या माणसाच्या मोज्यात पोरानं हात घालावा तसा."

मी वन्संना त्यातलं पहिलं सांगितलं, दुसरं नाही.

त्या खुलल्या. घरी सराव करायला लागल्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आरशापुढचा कट्टा पुसून कागद मांडायच्या. रेघांचे कागद दोरीवर केसांच्या चिमट्यांनी लावून वाळत घालायच्या. दुकानात शांपूच्या वासाबरोबर काजळीचा वास यायला लागला. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय लिहिलंय? वन्सं म्हणायच्या, "एक." मग पुढच्या कागदाकडे बोट दाखवून, "हे पण एक."

मग मला बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या.

वन्सं गोड खात नसत. चहासुद्धा बिनसाखरेचा. एक दिवस त्या माझ्याशी बोलत सासूबाईंचा चहा ढवळत होत्या, डाव्या हातानं. उजव्या हाताचं एक बोट साखरेच्या डब्यात गेलं, साखर चिकटवून बाहेर आलं, आणि त्यांनी ते तोंडात घातलं. बोलणं तुटलं नाही. मी म्हटलं, "काय हो, साखर?" तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच काहीतरी केलंय. "कुठं?" म्हणाल्या.

दुसऱ्यांदा आम्ही शिबिराहून परतत होतो. मोठा रस्ता ओलांडायचा होता. वन्सं पुढं बघत, गाड्यांचा अंदाज घेत घरमालकाला शिव्या देत होत्या. माझी बाही ओढल्यासारखी झाली. मी खाली पाहिलं. त्यांच्या उजव्या मुठीत माझ्या बाहीचं टोक होतं. मोठी माणसं दंड धरतात, कोपर धरतात. बाहीचं टोक मुठीत आवळून लहान मूल धरतं. आम्ही पलीकडे पोचलो, आणि मूठ आपसूक सुटली. वन्सं अजून घरमालकावरच होत्या.

मी घरी आमच्या ह्यांना सांगितलं. हे पाण्याच्या मीटरची दुरुस्ती करतात. कुठलीही गोष्ट गळतेय की नाही एवढंच बघतात. "अक्कानं तुझी बाही धरली," ते म्हणाले. "बरं. मग?"

मी कणीक मळायला घेतली.

त्यानंतरचं मात्र भर दुकानात, चार बायकांदेखत झालं. एक निवृत्त मुख्याध्यापिका वन्संकडे वर्षानुवर्षं यायच्या. कडक बाई, आरशातूनसुद्धा शिस्त लावतील अशा. मी बाजूला बाकावर बसले होते. वन्संनी त्यांचे ओले केस विंचरले, डाव्या हातात कात्री घेतली आणि हवेबद्दल काहीतरी बोलायला लागल्या. उजवा हात बट धरायला गेला तो बटेपाशी थांबला नाही. तो खाली आला आणि त्यानं मुख्याध्यापिकांच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली. ओढली नाही. नुसती धरली, आणि अंगठ्यानं हळूहळू चोळायला लागला. झोप आलेलं पोर चोळतं तसा.

मुख्याध्यापिका ताठ झाल्या. आरशातून म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

वन्संनी आरशात पाहिलं. आरशात उजव्याचा डावा होतो, त्यामुळं पहिल्यांदा त्यांना वाटलं आपलाच हात आहे. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, अगदी ह्याच शब्दांत. "आधी वाटलं आपलाच आहे." मग त्यांना डाव्या हातातली कात्री दिसली. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरून तो हात बाजूला घेतला, दुसऱ्या कुणाचा तरी घ्यावा तसा.

"मुंग्या आल्या हाताला," त्या म्हणाल्या. "माफ करा."

केस नीट कापले गेले. पण त्या बाई परत आल्या नाहीत.

वन्सं घाबरल्या असं मी तेव्हा म्हणणार नाही. रागावल्या होत्या. "उद्यापासून कागद बंद," म्हणाल्या. पण दोरीवरचे कागद उतरायच्या आतच, त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी, सासूबाईंच्या बाबतीतही तेच घडलं.

सासूबाई ऐंशीच्या घरात होत्या. तब्येतीनं बऱ्या, पण बोलणं कमी झालं होतं. वरच्या खिडकीत बसून त्या रस्ता बघायच्या. रविवारी दुकान बंद असलं की वन्सं त्यांना हाताला धरून खाली आणायच्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवायच्या आणि त्यांचे केस धुऊन विंचरायच्या. त्या रविवारी मीही होते, टॉवेल घड्या करत. सासूबाई दोरीवरच्या कागदांकडे बघत होत्या. वन्सं डाव्या हातानं कंगवा फिरवत होत्या. मला उजवा हात निघताना दिसला. मी टॉवेल खाली ठेवेपर्यंत त्यानं सासूबाईंच्या कानाची पाळी धरली.

सासूबाई दचकल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले. खांदे खाली आले, जसं कुणी हातातलं ओझं उतरवून घेतलं. आणि म्हणाल्या, "आलीस, ठके?"

वन्संचा कंगवा थांबला. "कोण ठकी?"

सासूबाईंनी डोळे उघडले. आरशात दोघींची तोंडं एकावर एक होती. सासूबाईंनी दोघींकडे पाहिलं, मग आपल्या कानाशी असलेल्या हाताकडे.

"तुला म्हणायचे मी ठकी," त्या म्हणाल्या. "तापाच्या आधी."

"कसल्या तापाच्या?"

आमच्या ह्यांचा जन्म नंतरचा. सासरे ह्या विषयावर कधी बोलले नाहीत. त्यामुळं घरात हे फक्त सासूबाईंना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. त्या दुपारी दुकानाच्या खुर्चीत, ओल्या केसांनी, त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही की रडल्या नाहीत.

"तू चार वर्षांची होतीस. सगळं उजव्या हातानं करायचीस. झोपताना माझा कान लागायचा तुला. ही पाळी. चोळत चोळत झोपायचीस. मग ताप आला. उतरेना. झटके यायला लागले. एका दुपारी तुझा श्वास थांबला. तुझे वडील डॉक्टरला आणायला धावले. मी एकटीच होते. डॉक्टर यायच्या आत श्वास परत सुरू झाला आणि तू डोळे उघडलेस. मी तुझा हात उचलून माझ्या कानाला लावला. तो गळून पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मग तू डावा हात पुढं केलास आणि म्हणालीस, पाणी."

"मग?"

"ठकीला पाणी म्हणता यायचं नाही. ती 'पापी' म्हणायची. तू पाणी म्हणालीस. स्वच्छ."

दुकानात नळ ठिबकत होता. वन्संच्या डाव्या हातातून कंगवा गळाला नाही, त्यांनी तो नीट कट्ट्यावर ठेवला. उजवा हात तिथेच होता.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? वाढवलं."

"कुणाला?"

"तुला," सासूबाई म्हणाल्या. "कुणाचीही असलीस तरी पोर होतीस. भूक लागायची तुला."

दुसऱ्या दिवशी मी कामावर न जाता डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं. लहानपणी तापात झटके आले की कधी कधी एक बाजू लुळी पडते. हळूहळू सुधारते, पण तोवर मूल दुसऱ्या हातानं सगळं शिकून गेलेलं असतं. लुळ्या पडलेल्या बाजूचा हात थोडा लहान राहू शकतो. आता त्या हाताला इतक्या वर्षांनी काम मिळालं, जुन्या सवयी जाग्या झाल्या असतील. सगळं पटण्यासारखं होतं. मी जाऊन शब्दन् शब्द वन्संना सांगितला.

"पटतं गं," त्या म्हणाल्या. "सगळं पटतं. पण आई मला 'कुणाचीही असलीस तरी' म्हणाली."

मग म्हणाल्या, "लोकांच्या आया दोन लेकरांत डावं-उजवं करतात. माझ्या आईनं एकीतच केलं."

त्या दिवसापासून सासूबाई बोलायला लागल्या. पण वन्संशी नाही, हाताशी. दुपार झाली की म्हणायच्या, "तिला जरा बसू दे माझ्यापाशी." वन्सं स्टूल ओढून बाजूला बसायच्या, उजवा हात आईच्या मांडीवर द्यायच्या आणि तोंड खिडकीकडे करायच्या. डाव्या हातात वर्तमानपत्र. पानं उलटताना अंगठा दुखायचा, तरी उलटायच्या. सासूबाई हाताला मांजरीची गोष्ट सांगायच्या, जी कधीच परत आली नाही. जुन्या घराच्या अंगणात कुठे काय होतं ते सांगायच्या. आवाज तरुण व्हायचा त्यांचा. मी एकदा जिन्यात उभी राहून ऐकलं आणि खाली उतरले. तो आवाज ऐंशीच्या बाईचा नव्हता.

वन्संनी तेही थोडेच दिवस सोसलं. एका सोमवारी त्या हाताला कोपरापर्यंत पट्टी बांधून खाली आल्या. गिऱ्हाइकांना सांगितलं, मुरगळला. शनिवारी शिबिराला आल्या नाहीत. मला म्हणाल्या, "झालं तेवढं पुरे."

सासूबाईंनी खाणं सोडलं.

हट्ट म्हणावं तर चेहऱ्यावर हट्ट नव्हता. वन्सं डाव्या हातानं चमचा पुढं करायच्या आणि त्यांचं तोंड आपोआप वळायचं. मी भरवून पाहिलं, ह्यांनी भरवून पाहिलं. पाणीसुद्धा घेईनात. शेवटी वन्संनी आमच्यासमोर दातांनी गाठ सोडून ती पट्टी उलगडली, उजव्या हातात चमचा दिला आणि म्हणाल्या, "उघड तोंड. ही घे तुझी लेक."

हात पुढं झाला. पण त्याला भरवता येत नव्हतं. अर्धं हनुवटीवर, अर्धं अंगावर. लहान मुलं बाहुलीला भरवतात तसं. सासूबाई हसायला लागल्या. तोंड भरलेलं असताना हसत राहिल्या आणि सगळं खाल्लं. वन्संनी डाव्या हातानं त्यांची हनुवटी पुसली.

त्यानंतर सासूबाई फार दिवस राहिल्या नाहीत. अंथरुणाला लागल्या. वन्संनी दुकान अर्धा दिवस केलं. एका दुपारी मी औषध घेऊन वर गेले तर वन्सं विचारत होत्या, अगदी साध्या आवाजात, भाजी काय करू विचारावं तसं, "आई, तुला आमच्यातली कोण हवी होती?"

सासूबाईंनी उजव्या हाताकडे पाहिलं. "ती माझी होती," त्या म्हणाल्या. "तुझी सवय झाली."

मला वाटलं वन्सं आता उठून जातील. त्या उठल्या नाहीत. आणि मग सासूबाईंनी चाचपत त्यांचा डावा हात शोधला, तो सुजलेला अंगठा आपल्या दोन बोटांत घेतला आणि चोळायला लागल्या.

"ह्याला तेल लावत जा," म्हणाल्या. "किती राबवशील?"

वन्संनी मान खाली घातली. मी औषध दाराशी ठेवून परत फिरले.

गेल्या त्या भर दुपारी. उन्हं भिंतीवर होती. हे डॉक्टरांना आणायला गेले होते. वन्सं डाव्या हातानं त्यांच्या ओठांना पाणी लावत होत्या आणि उजवा हात कानापाशी होता. श्वास लांबत लांबत गेला आणि पुढचा आला नाही. वन्संनी पाण्याची वाटी ठेवली. "गेली," म्हणाल्या. उठायला लागल्या आणि उठता येईना. उजवा हात पाळी सोडेना.

"सोड," त्या म्हणाल्या. मला वाटलं मला म्हणतायत. "सोड गं, गेली ती." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा भीती पाहिली मी. डाव्या हातानं त्यांनी ओढून पाहिलं. बोटं आणखी आवळली. शेवटी मी बसले त्यांच्या बाजूला आणि ती बोटं सोडवली. लहान मुलाची सोडवतात तशी, करंगळीपासून सुरुवात करून, एकेक. गरम होती. आणि मी हे कुणाला सांगितलेलं नाही, पण शेवटचं बोट सुटल्यावर तो हात माझ्या हातात काही वेळ तसाच राहिला, आणि बाई म्हणाल्या होत्या ते बरोबर होतं. आतून लहान होता.

आम्ही सगळे धरून चाललो होतो की आता ते संपेल. ज्याच्यासाठी आला होता ते माणूस गेलं. खरंच काही आठवडे तो हात मांडीवर पडून राहिला. वन्संच्या अंगठ्याचं ऑपरेशन झालं, ते व्यवस्थित झालं, दुकान पूर्ववत सुरू झालं. ह्यांनी आणि मी त्यांना म्हटलं, वर एकट्या कशाला राहता, आमच्याकडे या. त्या म्हणाल्या, "एकटी कुठाय मी?" हे हसले. मी हसले नाही.

त्या स्वतःहून शिबिराला परत यायला लागल्या. पहिल्या दिवशी बाईंनी त्यांच्यापुढं कागद ठेवला आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. वन्संनी शाई घासली, ब्रश उभा धरला आणि ती एक रेघ काढली. बाई जवळ आल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "रडून आलीय."

"हो," वन्सं म्हणाल्या. "रात्री झोपत नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि बाईंनी दुसरा कागद पुढं केला. बसचालक माझ्याकडे बघत होते. मी माझ्या गांडुळाकडे बघत राहिले.

पुढं बाई आपल्या मुलीकडे दुसऱ्या गावी गेल्या आणि शिबिर बंद झालं. वन्संनी मात्र सोडलं नाही. रविवारी दुकान बंद असलं की त्या कट्ट्यावर कापड अंथरतात. डावा हात कागद दाबून धरतो, उजवा लिहितो. आता रेघेच्या पुढं गेलाय. दोन, तीन, डोंगर, नदी. मधे मधे वन्सं खालच्या आवाजात काहीतरी सांगत असतात, "हळू," "थांब जरा," "छान." मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाल्या, "वाटते ना. पण मी घाबरले की ती जास्त घाबरते."

मी अजूनही जाते रविवारी. चहा करते, शाई घासून देते. त्यांच्या डावीकडे बसते. उजवीकडची गिऱ्हाइकाची खुर्ची रिकामीच असते. मागच्या महिन्यात गेले तर त्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकलेली होती, आणि फळीवर उशी. लहान मुलांचे केस कापताना उंची वाढवायला टाकतात तशी. वन्संच्या दुकानात लहान मुलं येत नाहीत. मी चहाचे कप आणले, एक त्यांच्यापुढं ठेवला, एक माझ्यापुढं. वन्संनी आपला कप उचलून जरा बाजूला सरकवला, फळीच्या अंगाला, आणि म्हणाल्या, "साखर विसरलीस."